मायावतीचे ग्रहण

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाविषयी काही बोलावे अशी मला सूचना झाली आहे. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर आपण दरवर्षी पुष्कळ ऐकता. पाहुणे बोलतात, आम्ही शिक्षक बोलतो, आपण शांतपणे ऐकून घेता आणि घरी जाता. म्हणून आज मी वेगळ्या वाटेने जाणार आहे. मी आपल्याला एका ताऱ्याची हकिकत सांगणार आहे. हा तारा पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही, पैसा लागत नाही, मोठे शहर लागत नाही. घराची गच्ची किंवा मोकळे अंगण, दोन डोळे आणि एक वही एवढे पुरे आहे. हकिकत संपेपर्यंत मी शिक्षणाविषयीच बोलत होतो हे आपल्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

या ताऱ्याचे मराठी आकाशदर्शनाच्या पुस्तकांतले नाव मायावती. इंग्रजी पुस्तकांत त्याला अल्गॉल म्हणतात. तो ययाती या तारकासमूहात आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळनंतर तो आपल्याकडून चांगला दिसतो. आपल्यापैकी पुष्कळांना कृत्तिकांचा झुबका ओळखता येतो, आणि उत्तरेकडची इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठाही ओळखता येते. या दोघींच्या मधल्या पट्ट्यात ययाती आहे. डिसेंबरच्या अखेरीस रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा आणि मान चांगली वर करा. ययातीतला सर्वांत तेजस्वी तारा मिरफाक आधी शोधा. आता हात लांब करून मूठ मिटा. मिरफाकच्या वर साधारण एक मूठ अंतरावर जो ठळक तारा आहे, तो मायावती.

त्याच्या डाव्या हाताला, मुठीपेक्षा थोड्या जास्त अंतरावर, अल्माक नावाचा तारा आहे. उजव्या हाताला जवळजवळ एक मूठ अंतरावर दुसरा एक तारा आहे, तो अल्माकहून स्पष्टपणे मंद आहे. ययातीतला हा तारा शास्त्रज्ञांच्या यादीत एप्सिलॉन म्हणून नोंदला आहे. हे डावे-उजवे दोन तारे लक्षात ठेवा. ते आपले वजन-माप आहेत. बाजारात जसे एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात माल, तसे या दोन ताऱ्यांशी आपल्याला मायावतीचे तेज तोलायचे आहे.

एरवी मायावती आणि अल्माक अगदी बरोबरीचे दिसतात. परंतु एखाद्या रात्री आपण पाहता आणि मायावती काहीशी उतरलेली वाटते. दोन तासांनी पाहता तर ती आणखी उतरलेली असते. शेवटी ती उजवीकडच्या एप्सिलॉनपेक्षाही मंद होते. तिचे तेज एरवीच्या सुमारे एक-तृतीयांशावर येते. नंतर ती हळूहळू सावरते. उतरायला सुमारे पाच तास आणि चढायला सुमारे पाच तास, असे दहा तासांत सर्व पूर्ववत होते. आकाशात ढग नाही, धूर नाही, शेजारचे तारे जागच्या जागी आणि जशाच्या तसे आहेत. मग या एकाच ताऱ्याला काय झाले?

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न नीट मनात धरा. आता आपण या ताऱ्याच्या नावाकडे वळू.

अल्गॉल हे नाव अरबी आहे. मूळ शब्द रास-अल-गूल, म्हणजे गूलचे मस्तक. उर्दू जाणणाऱ्यांनी गूल-ए-बयाबानी हा शब्द ऐकला असेल. ओसाड रानात वाटसरूंना चकवून मारणारा तो गूल. ययाती या समूहाला अरबीत हामिल रास-अल-गूल, म्हणजे गूलचे मस्तक हाती धरणारा, असे म्हणत. ही कल्पना मुळात ग्रीकांची. त्यांच्या पुराणकथेत पर्सियस नावाच्या वीराने मेडुसा या राक्षसिणीचे डोके कापले. तिच्याकडे पाहणारा माणूस दगड होत असे. हा तारा त्या कापलेल्या मस्तकावर बसवलेला आहे. टॉलेमीचा ग्रीक ग्रंथ बगदादच्या काळात अरबीत आला आणि त्याबरोबर हे चित्रही आले.

इसवी सन ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस्-सूफी या इराणी विद्वानाने स्थिर ताऱ्यांवर अरबीत मोठा ग्रंथ लिहिला. टॉलेमीची यादी त्याने नुसती उतरवून घेतली नाही, एकेका ताऱ्याचे तेज स्वतः पाहून पुन्हा ठरवले. देवयानी समूहातला जो अंधुक ढगासारखा ठिपका आज आपण देवयानी दीर्घिका म्हणून ओळखतो, त्याची नोंद याच ग्रंथात आढळते. अल्डेबरान, रायजेल, वेगा, अल्टेअर, देनेब ही इंग्रजी पुस्तकांतली नावे मुळात अरबी आहेत, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांचे चेहरे उजळतात. तो आनंद योग्यच आहे. परंतु नावाचा वारसा मिळाला की अभ्यासाचाही मिळाला, असे होत नाही. अस्-सूफी रात्र-रात्र जागून पाहत होता, म्हणून आज आपण त्याचे नाव घेतो.

गूलचे मस्तक, मेडुसाचे मस्तक, अशी नावे पडल्यावर भीती आलीच. युरोपातल्या ज्योतिष्यांनी या ताऱ्याला सर्व आकाशातला अत्यंत अशुभ तारा ठरवले होते. शेकडो वर्षे लोक त्याला भ्याले. त्याच्या नावाने भविष्ये सांगितली गेली. पण तो मंद होतो कधी आणि पुन्हा उजळतो कधी, याचा हिशोब मात्र कोणी मांडून ठेवला नव्हता. प्राचीन इजिप्तच्या एका शुभाशुभ दिवसांच्या पंचांगात या ताऱ्याच्या आवर्तनाचा मागमूस दिसतो, असे फिनलंडच्या काही संशोधकांनी अलीकडे म्हटले आहे. ते सर्वांना मान्य झालेले नाही. खात्रीची लेखी नोंद मिळते ती सतराव्या शतकातली. इटलीत बोलोन्या येथे जेमिनियानो मोंतानारी यांनी १६६७ च्या सुमारास हा तारा कमी-जास्त होतो असे नोंदवले. कमी-जास्त होतो एवढेच. किती दिवसांनी होतो आणि का होतो, हे प्रश्न पुढे शंभराहून अधिक वर्षे तसेच पडून राहिले.

ते कोडे ज्याने सोडवले त्याचे नाव जॉन गुडरिक. हा मुलगा १७६४ साली हॉलंडमधल्या ग्रोनिंगन या गावी जन्मला. घराणे इंग्रज, जहागीरदारी वळणाचे. लहानपणीच मोठे आजारपण आले आणि त्यात त्याची ऐकण्याची शक्ती गेली. तो पूर्ण बहिरा झाला.

पालकहो, येथे मी जरा थांबतो. ही अठराव्या शतकातली गोष्ट आहे. जे मूल ऐकत नाही ते बोलायला शिकत नाही, आणि जे बोलत नाही त्याला बुद्धी नाही, असा त्या काळी सर्वत्र समज होता. श्रीमंत घरांतही अशी मुले मागच्या खोलीत वाढत. गुडरिकच्या घरच्यांनी तसे केले नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरात टॉमस ब्रेडवुड नावाच्या शिक्षकाने १७६० साली बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली होती. ब्रिटनमधली अशा प्रकारची ती पहिली शाळा. गुडरिकच्या घरच्यांनी मुलाला तेथे पाठवले. तेथून १७७८ साली तो वॉरिंग्टन येथील अकादमीत गेला. ही अकादमी बहिऱ्यांसाठी नव्हती. ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने बसून तो तेथे शिकला. गणितात त्याची गती उत्तम होती, आणि ताऱ्यांची गोडी त्याला याच काळात लागली.

शिक्षण आटोपून तो यॉर्क शहरी घरी आला. तेथल्या मिन्स्टर या भव्य चर्चच्या शेजारी त्याचे कुटुंब राहत होते. त्याच शहरात एडवर्ड पिगॉट नावाचा त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा तरुण होता. त्याच्या वडिलांना खगोलशास्त्राचा नाद होता आणि त्यांनी घरीच वेधशाळा उभारली होती. दोघांची मैत्री जमली. एक ऐकणारा आणि एक न ऐकणारा. दोघांच्या मध्ये कागद, पेन्सिल आणि आकाश. कोणते तारे आपले तेज बदलतात ते पाहू या, असे दोघांनी ठरवले. पिगॉटने सुचवलेल्या ताऱ्यांत अल्गॉलही होता.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिकने नेहमीप्रमाणे अल्गॉलकडे पाहिले आणि तो थक्क झाला. तारा चांगलाच मंद झाला होता. त्या वेळी त्याचे वय होते अठरा वर्षे. आपल्याकडे बारावीची परीक्षा देणारा मुलगा असतो तेवढे.

आता नीट पाहा, त्याने काय केले. त्याने लगेच कोणाला पत्र लिहून शोध जाहीर केला नाही. आपल्या डोळ्यांनी दगा दिला की काय, हवा खराब होती की काय, अशी शंका आधी स्वतःवरच घेतली. मग दर निरभ्र रात्री तो त्या ताऱ्यासमोर बसू लागला. इंग्लंडचा हिवाळा म्हणजे ढग, धुके आणि हाडे गोठवणारी थंडी. रात्रीमागून रात्री तारा जसाच्या तसा तेजस्वी दिसे. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय म्हणालो असतो? जाऊ दे, भास झाला असेल. तो तसे म्हणाला नाही. तारा तेजस्वी होता तरी त्याने लिहून ठेवले की आज इतक्या वाजता तेजस्वी. वर्ष संपता संपता तारा पुन्हा मंद झालेला त्याला सापडला. मग पुन्हा, मग पुन्हा. वसंत ऋतू येईपर्यंत त्याच्या वहीत एवढ्या नोंदी जमल्या की त्यांतून हिशोब बसला. तारा दर दोन दिवस आणि जवळजवळ एकवीस तासांनी मंद होत होता, आणि दर वेळी अगदी त्याच रीतीने. आजचा अचूक आकडा आहे दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटे. एका अठरा वर्षांच्या मुलाने, मुख्यतः नुसत्या डोळ्यांनी आणि घरच्या घड्याळाने काढलेला आकडा आजच्या आकड्यापासून थोड्याच मिनिटांनी दूर होता.

मे १७८३ मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. त्यात त्याने कारणही सुचवले. या ताऱ्याभोवती एखादा मोठा, काळसर गोल फिरत असावा आणि तो मध्ये आला की ताऱ्याचा प्रकाश अडत असावा. किंवा ताऱ्याच्या एका अंगावर डाग असावेत आणि तारा स्वतःभोवती फिरताना ते अंग आपल्याकडे येत असावे. या दोन शक्यता त्याने वाचकांपुढे ठेवल्या. यातली अमुकच खरी, असा हट्ट धरला नाही. जेवढे पाहिले तेवढे ठामपणे सांगितले आणि जे तर्काने सुचले ते तर्क म्हणूनच सांगितले. परीक्षेत उत्तर येत नसले की पाने भरून टाकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

त्याच वर्षी सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. हा तिचा सर्वांत मोठा सन्मान. पुढे १७८४ मध्ये त्याने आणखी दोन ताऱ्यांचे बदलते तेज शोधून काढले. त्यांपैकी डेल्टा सेफी हा तारा आज सर्व जगाला ठाऊक आहे, कारण त्याच्या जातीच्या ताऱ्यांवरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्याची रीत विसाव्या शतकात निघाली. एप्रिल १७८६ मध्ये गुडरिकला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला तो वारला. त्याचे वय एकवीस वर्षे होते. एवढ्या लहान आयुष्यात काय होते, असे आपण म्हणतो. या मुलाचे काय काय झाले ते मी सांगितले.

आता कारणाकडे येऊ. गुडरिकच्या दोन तर्कांपैकी खरा कोणता? याचा निकाल लागायला १०६ वर्षे लागली. १८८९ मध्ये जर्मनीत पॉट्सडॅम येथे हेर्मान फोगेल यांनी या ताऱ्याचा प्रकाश लोलकाने फोडून त्याच्या वर्णपटाचे फोटो घेतले. रेल्वेचा भोंगा जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. प्रकाशाचेही तसेच असते. वस्तू जवळ येत असली तर वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असली तर तांबड्या बाजूला. फोगेल यांना असे दिसले की मंद होण्यापूर्वी हा तारा आपल्यापासून दूर जात असतो आणि मंद होऊन गेल्यावर आपल्याकडे येत असतो. म्हणजे तो गोल फिरतो आहे. एकटा तारा उगाच गोल फिरत नाही. त्याचा कोणी जोडीदार असलाच पाहिजे, आणि तो बरोबर मंद होण्याच्या वेळी पुढे आलेला असला पाहिजे. बहिऱ्या मुलाचा पहिला तर्क खरा ठरला.

तात्पर्य, आपल्याला जो एक तारा दिसतो तो एक नाही. तो जुळा तारा आहे. शास्त्रात याला युग्मतारा म्हणतात, आणि अशा एकमेकांना झाकणाऱ्या जोडीला ग्रहणकारी युग्मतारा. जोडीतला एक तारा निळसर पांढरा, अतिशय उष्ण. त्यात आपल्या सूर्याच्या तिपटीहून थोडे जास्त द्रव्य आहे. दुसरा नारिंगी, थंड आणि मंद, पण आकाराने पहिल्यापेक्षा मोठा. दोघांतले अंतर सुमारे ९३ लाख किलोमीटर. हा आकडा मोठा वाटेल. पण पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्या मानाने हे दोघे एकमेकांना अगदी बिलगून फिरतात. एक फेरी दोन दिवस एकवीस तासांना थोडी कमी. मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे आला की ग्रहण लागते. हे ग्रहण पूर्ण नसते, काही भाग उघडा राहतो, म्हणून तारा दिसेनासा होत नाही. उलट तेजस्वी तारा पुढे आणि मंद तारा मागे असला तर तेज इतके थोडे कमी होते की साध्या डोळ्याला कळत नाही.

हे घरी करून पाहायचे असेल तर अंधाऱ्या खोलीत एक प्रखर दिवा लावा आणि एक मोठा कागदी कंदील मंद दिवा घालून त्याच्याभोवती फिरवा. लांब बसलेल्या धाकट्या भावाला विचारा, उजेड कधी कमी झाला. गुडरिकला जे कळले ते त्यालाही कळेल.

या जोडीभोवती आणखी एक तिसरा ताराही फिरतो. त्याची फेरी सुमारे ६८० दिवसांची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर सहा दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून या ताऱ्यांच्या प्रतिमाही शास्त्रज्ञांनी मिळवल्या, आणि त्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जोडीदार आहे असे जे वहीतल्या हिशोबाने सांगितले होते, ते सव्वादोनशे वर्षांनी चित्रात दिसले.

एक गोष्ट मात्र शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ छळत होती. नियम असा की जड तारा आपले इंधन भराभर जाळतो आणि लवकर म्हातारा होतो. हलका तारा बेताने जाळतो आणि दीर्घकाळ तरुण राहतो. येथे उलटे दिसत होते. जड तारा तरुण, आणि हलका तारा म्हातारपणाने फुगलेला. उत्तर १९५० नंतरच्या दशकात मिळाले. आज जो हलका आहे तो पूर्वी जोडीतला जड होता. वय होऊन तो फुगला, तेव्हा त्याचे वायुरूप द्रव्य शेजारच्या ताऱ्याकडे वाहत गेले. देणारा उतरत गेला, घेणारा झळाळत गेला. आमच्या पालकांना या गोष्टीचे फार स्पष्टीकरण लागणार नाही. मुलांनी मात्र ती आठवणीत ठेवावी.

आता विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष काम. एका ग्रहणापासून पुढचे ग्रहण ६८ तास ४९ मिनिटांनी येते. म्हणजे तीन दिवसांना तीन तास अकरा मिनिटे कमी. समजा, एका रात्री एक वाजता तारा सर्वांत मंद होता. तीन दिवसांनी तो रात्री दहाला दहा मिनिटे कमी असताना मंद होईल. आणखी तीन दिवसांनी संध्याकाळी पावणेसातच्या आत. त्यापुढचे ग्रहण दिवसा पडेल आणि दिसणार नाही. सात फेऱ्यांनी, म्हणजे वीस दिवस आणि पावणेदोन तासांनी, गाडी पुन्हा जवळपास त्याच वेळेवर येते. इंग्लंडमध्ये एकदा मंद दिसलेला तारा गुडरिकला इतके आठवडे का सापडला नाही, ते आता कळले असेल. अर्धी ग्रहणे उजेडात गेली आणि उरलेली ढगांत.

वहीत चार रकाने आखा. तारीख, वेळ, आकाश कसे होते, आणि मायावती अल्माकच्या बरोबरीची, एप्सिलॉनच्या बरोबरीची, की त्याहून मंद. अंधारात दहा मिनिटे डोळे स्थिरावू द्या. तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेवा, कारण त्याचा उजेड डोळे बिघडवतो. अंदाज आधी स्वतः लिहा, शेजारच्याला विचारून लिहू नका. पहिल्या दहा रात्री काहीच घडले नाही तर ‘काही नाही’ असेच लिहा. आपल्यापैकी पुष्कळांचे वालिद आखाती देशांत नोकरीला आहेत. येथे रात्री दहाला ग्रहण ऐन भरात असेल, तेव्हा कुवेतच्या घड्याळात साडेसात वाजलेले असतील. हिवाळ्यात तेथे त्या वेळी अंधार पडलेला असतो. अब्बांना फोनवर दिशा सांगा. तोच तारा त्याच क्षणी तेही पाहू शकतील, आणि दोघांची नोंद जुळते का हे ताडून पाहता येईल. एक लक्षात ठेवा, हा तारा सुमारे ९० प्रकाशवर्षे दूर आहे. आज दिसणारे ग्रहण प्रत्यक्षात आपल्या पणजोबांच्या काळात लागून गेले.

शेवटी पालकांना एक विनंती. गुडरिकची हुशारी त्याची स्वतःची होती, पण ती उघडी पडली ती शाळेमुळे. त्याचे घर सधन होते, ही गोष्ट खरी. त्या काळी बहिऱ्या मुलाला शिकवणे केवळ पैसेवाल्यांनाच जमत होते. आज तशी स्थिती नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मुंबईत वांद्र्याला, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाने, वाचा आणि श्रवण यांच्या दोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८३ पासून उभी आहे. तरीसुद्धा मूल ऐकत नाही म्हणून पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवणारी घरे मी आपल्याच वस्त्यांत पाहिली आहेत. ‘याला शाळेत घालून काय उपयोग?’ असे बोलणारे त्या मुलाचे वैरी नसतात, त्याचेच सगे असतात. प्रेमापोटीच बोलतात. पण मुलाचे नुकसान व्हायचे ते होतेच.

मूल हाकेला वळत नसेल तर नजर लागली, उशिरा बोलेल, आजोबाही उशिरा बोलले होते, असे म्हणत वर्षे घालवू नका. पहिल्या वर्षातच कान तपासून घ्या. जितक्या लवकर उपाय सुरू होतो तितकी भाषा लवकर येते. आणि जे मूल चांगले ऐकते पण वर्गात मागे पडते, एकाच गोष्टीकडे टक लावून बसते, सारखे ‘का’ विचारते, त्यालाही खुळा म्हणू नका.

ज्या ताऱ्याला लोकांनी गूलचे मस्तक म्हटले, त्याच्यात गूल नव्हता. दोन तारे एकमेकांभोवती नियमाने फिरत होते. शेकडो वर्षे लोक त्याला भीत राहिले. वही घेऊन त्याच्यासमोर कोणी बसेपर्यंत ती भीती टिकली. आपल्या घरातही अशा पुष्कळ गोष्टी आहेत ज्यांना आपण नशीब म्हणतो, अपशकुन म्हणतो आणि पाहायचे सोडून देतो. त्यांतल्या कितींचा हिशोब लागेल, हे मांडून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आकाश स्वच्छ असेल तर, रात्री आठ वाजता मी शाळेच्या गच्चीवर असेन. मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही यावे. सोबत घरचे मोठे माणूस आणि वही-पेन्सिल आणावी. ऐकू न येणारे, चालता न येणारे मूल घरी असेल तर त्याला आधी आणा. जिना चढवायला आम्ही शिक्षक आहोत.